मागचं दार

शिरूरच्या हायस्कुलानं नाट्यगृह बांधायचं ठरवलं, तेव्हा आराखड्याचं काम आपसूकच दानिएल मास्तरांकडे आलं. मास्तर शाळेत चित्रकला आणि सुतारकाम शिकवत. वडील मिशनच्या कारखान्यात सुतार होते. तिथंच मास्तरांचा हात तयार झालेला. पण या कामाला ते असे चिकटून बसले की त्यांच्या बायकोला, कृपाबाईंना, नवल वाटायचं. दोनदा दौंडला जाऊन त्यांनी रेल्वे कॉलनीतला रंगमंच टेप लावून मोजला. मोडीच्या दुकानातून पडद्याच्या दोरांसाठी लोखंडी कप्प्या आणल्या. पडद्याच्या कापडाचा तुकडा तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवला आणि त्याला काडी लावून बघितली. कापड काळवंडलं, पेटलं नाही. मास्तर कितीतरी वेळ तो तुकडा हातात धरून बसले होते.

सहा वर्षांपूर्वी, सत्तावन्न साली, शाळेच्या संमेलनाचा मांडव जळाला होता. तेव्हा शाळेत वीज नव्हती. गॅसबत्ती भडकली आणि बघता बघता पडदा पेटला. मुलं पुढच्या बाजूनं उड्या टाकून सुटली. आठवीतली सिंधू मात्र मागच्या कोपऱ्यात तयार होत होती. तिला नाटकात म्हातारीचं काम होतं. डोक्यावर कापसाचे पांढरे केस चिकटवले होते. ती बाहेर आली नाही. बत्तीत दोष होता, असं चौकशीत लिहिलं गेलं आणि प्रकरण तिथंच थांबलं.

आराखडा समितीपुढे आला, त्या दुपारी खोलीत चौघे होते. संस्थेचे अध्यक्ष मारुतराव, नवे हेडमास्तर, मास्तर आणि कवठे येमाईचे मल्हारी. मल्हारी म्हणजे सिंधूचे वडील. नाट्यगृहाला लागणारा सगळा दगड त्यांनी आपल्या माळावरून दिला होता, म्हणून त्यांना समितीत घेतलेलं. ते बैठकीला येत, पण बोलत नसत.

मारुतरावांनी कागदावरून बोट फिरवलं. "रंगमंच ब्येस हाय, मास्तर. दिवं, पंखं, समदं झ्याक. पण पोरींच्या रंगायच्या खोलीला ह्ये मागं दार कशापायी? आन् एवढं रुंद?"

"बाहेर पडायला, आबा."

"मागं आळी हाय. टवाळ पोरं तिथं घुटमळत्याल. मग कोन आपल्या लेकीला नाटकात धाडंल? भिंत घाला तिथं."

"दार बाहेरच्या अंगाला उघडेल. आतून नुसती कडी. बाहेरून कुणाला येता येणार नाही."

"पुढं दोन दारं हायेत की. बास झाली."

हेडमास्तरांनीही मान हलवली. मास्तरांनी मल्हारींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. दर रविवारी मिशनच्या देवळात गुडघे टेकून मास्तर एकच गोष्ट मनात बोलत आले होते. माणसापुढे ती कधी बोलले नव्हते. कृपाबाईंपुढेसुद्धा.

"मागच्या वेळीही असंच झालं होतं," ते म्हणाले. "मांडवाला मागून वाट होती. पोरं डोकावतात म्हणून तेव्हाच्या हेडमास्तरांनी ती बंद करायला सांगितली. मी ताडपत्री दाभणानं शिवली. वरपासून खालपर्यंत. सुतळीच्या दुहेरी गाठी मारल्या. सिंधू सापडली ती त्या शिवणीपाशी."

मग मल्हारी उठले, टोपी नीट केली, दारातल्या वहाणा पायात सरकवल्या आणि निघून गेले.

"ह्ये तवाच का न्हाई सांगितलंत?" मारुतरावांनी हळू विचारलं.

"भ्यालो."

मारुतरावांनी आराखडा गुंडाळून मास्तरांच्या हातात दिला. "दार ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तरांनी कृपाबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "एकट्यानं वागवलंत. मला सांगायचं होतं."

चार दिवसांनी मल्हारी सुतारशाळेत आले. लाकडाच्या भुशात उभे राहून म्हणाले, "तिच्या आईला म्या बोललो न्हाई. तोंडातनं शब्द निघंना. तुमीच या."

रविवारची उपासना आटोपून मास्तर एस.टी.नं कवठ्याला गेले. सिंधूची आई, शेवंताबाई, ओसरीवर मटकी निवडत होत्या. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. ताडपत्री, दाभण, गाठी, काही वगळलं नाही. तेव्हाच्या हेडमास्तरांवर दोषही ढकलला नाही.

शेवंताबाईंचा हात सुपातच थांबला. "तिनं हाका मारल्या का?"

"मला ऐकू आल्या नाहीत, बाई. मी पुढं मुलांना खाली उतरवत होतो."

"गाठी सुटल्या असत्या का तिच्यानं?"

"नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सहा वर्सं मी पोरीलाच बोल लावते हाय. समदी पळाली, हीच कशी येड्यावानी बसून ऱ्हायली, म्हनून. मनात किती शिव्या दिल्या तिला." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "पळाली हुती माजी पोर. वाटंपातुर गेली हुती."

त्या रडू लागल्या. मास्तरांना कुणी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ते उन्हात उभे राहिले. शेवटी मल्हारींनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाले, "तीनची गाडी हाय."

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. मास्तरांना काढून टाका, असा काही पालकांनी अर्ज केला. मास्तर म्हणाले, "नाट्यगृह पुरं होऊ द्या, मग म्हणाल तेव्हा जातो." पुढच्या हिवाळ्यात बांधकाम संपलं. विजेचे दिवे लागले, पडदा कप्प्यांवरून आवाज न करता सरकला. उद्घाटनाला मास्तर कुठं दिसले नाहीत. ते विंगेत मेन स्विचपाशी उभे होते. अर्जाचं पुढे काय झालं ते मारुतरावांनी कधी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. शेवंताबाई धाकट्या मुलीला, साखरला, घेऊन आल्या. नाव घातल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्या, "मला ती जागा बघायची हाय."

मास्तरांनी नाट्यगृह उघडलं. त्या रंगमंचावर चढल्या, मुलींच्या खोलीत गेल्या, कडी काढून दार ढकललं आणि बाहेर आळीत जाऊन उभ्या राहिल्या. पुन्हा आत आल्या. मग कडी लावून त्यांनी साखरला दार उघडायला लावलं.

"हिला नाटकात काम करायचंय म्हनती," त्या मास्तरांकडे न बघता म्हणाल्या. "करू द्या. मी मातूर बघायला यायची न्हाई."

"बरं," मास्तर म्हणाले.