चांदणीला शिंगं का आली नाहीत

माझ्या डोक्यावर शिंगं शोधू नका मित्रांनो, ती मला कधी फुटलीच नाहीत. मी चांदणी, पिंपळगाव राजा गावच्या गोजरबाईंच्या कोठ्यातली, म्हणजे गोठ्यातली, सगळ्यात बोलकी बकरी. शिंगं नसलेल्या बकरीला आमच्याकडे भुंडी म्हणतात. म्हणोत बापडे! शिंगं नसली तरी आवाज खणखणीत आहे. तेव्हा ऐका.

आमच्या कोठ्यात एकही शिंग नव्हतं, आणि त्याचं कारण गोजरबाईंच्या डाव्या भुवईवर आहे. तरुणपणी एका बकरीनं त्यांना अशी धडक मारली होती की डोळा थोडक्यात वाचला. व्रण राहिला. तेव्हापासून बाईंनी ठरवलं, दारात शिंग नको. बकरी घेताना त्या आधी डोक्यावरून हात फिरवायच्या, मग दात बघायच्या. बोकडसुद्धा भुंडाच आणला, धामणगाव बढेच्या बाजारातून. गल्लीतले लोक म्हणत, "गोजरबाईचा कोठा म्हंजे भजनी मंडळ, कोनी कोनाले मारत नाही." बाईंना हे ऐकायला फार आवडायचं. त्याच बोकडाची मी लेक. माझी आई कबरी, तीही भुंडी.

मी होळीच्या आदल्या दिवशी जन्मले. हा दिवस लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी, वैशाखात, गोजरबाईंच्या शेखरचं लग्न झालं आणि सुचिता सून म्हणून घरात आली. पहिल्या दिवसापासून तिची नि माझी गट्टी. ती चाऱ्याला तुरीचं कुटार घालायला वाकली की मी तिचा पदर चघळायची. "चांदने, सोड न माय, एवढीच तं चांगली साडी हाय मायी!" असं ती ओरडायची, पण पदर काही सोडवून घ्यायची नाही. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढं मी वयात आले. माझ्यासारख्या त्या बोकडाच्या आणखी दोन लेकी होत्या. गाभण राहणं तर सोडाच, आम्ही तिघी माजावरही येईनात. दुसऱ्या गल्लीतल्या बोकडाकडे नेऊन झालं, सरकी खाऊ घालून झाली. मी नुसती गोल होत गेले.

एक दिवस शेजारच्या वच्छलाबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "गोजरबाई, राग येऊ देऊ नोको. पन चारा कोन घालते? सुचिताच न? दोन वर्सं झाली, तिचा पाळना हलला नाही. तिचा हात लागून राह्यला बकऱ्यांले."

मला वाटलं, बाई आता त्यांना चांगल्या फैलावर घेतील. कसलं काय! संध्याकाळी सुनेलाच सांगितलं, "उद्यापासून कोठ्यात येऊ नोको."

"काऊन?" सुचितानं विचारलं. बाईंनी कोठ्याची कडी लावून टाकली. कारण सुचितालाही कळलंच होतं.

मित्रांनो, सहा महिने ती कोठ्यात आली नाही. अंगणातून नुसती बघायची, आणि मी दावं ताणून ओरडायची. खोट माझ्या पोटात आणि शिक्षा तिला! मला फार वाईट वाटायचं. त्यातच जनावरांचा व्यापार करणारे गफ्फारभाई दोनदा येऊन माझी पाठ चाचपून गेले. पाठ चाचपणं म्हणजे काय, ते कुठल्याही बकरीला सांगावं लागत नाही.

मग लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यातल्या हीना मॅडम आल्या. टोचून झाल्यावर त्यांनी कोठाभर नजर फिरवली. "आजी, तुमच्याकडे एकही शिंग नाही?"

"एकबी नाही ठेवलं!" बाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या.

"आणि बोकड?"

"भुंडाच. पाहून आनला."

मॅडमनी हातमोजे चढवले, माझी शेपटी वर केली आणि नीट तपासलं. काय सांगू, चारचौघांत लाजच काढली माझी! मग माझ्या बहिणींची. नंतर बाजेवर बसून त्या म्हणाल्या, "आजी, या तिघी कधीच गाभण राहणार नाहीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक पिल्लाला एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. या वाट्यांना जनुकं म्हणतात. भुंडेपणाचा एकच वाटा आला, तर बकरीला शिंगं येत नाहीत एवढंच. ती माझ्या आईसारखी झकास व्यायते. पण आई आणि बाप दोघंही भुंडे असले, तर एखाद्या पिल्लाला तो वाटा दोन्हीकडून मिळतो. ते पिल्लू मादी असलं, तर आईच्या पोटातच त्याचं अंडाशय नीट घडत नाही. ज्या बीजपेशींपासून पुढं पिल्लं व्हायची, त्या तिथं टिकतच नाहीत. बाहेरून बकरी, आतून ना धड बकरी ना धड बोकड. तशी मी.

खोटं कशाला बोलू, थोडं रडू आलंच. पण सुटल्यासारखंही वाटलं.

दाराआडून सुचिताचा आवाज आला. "मॅडम, मंग कोनाचा हात लागल्यानं होत नाही न हे?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग गोजरबाईंकडे. "ही बकरी कधीची?"

"होळीच्या आदल्या दिवशीची."

"आणि सून घरात कधी आली?"

बाई बोटांवर मोजू लागल्या. फाल्गुन, चैत्र, वैशाख. तिसऱ्या बोटावर त्या थांबल्या. "हे झाली तवा तं सुचिता ह्या गावात बी नव्हती," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि बिघाड झाला तो हिच्या जन्माच्याही तीन-चार महिने आधी. यापुढं शिंगाचा बोकड दाखवा आजी. जोडीत एकाला तरी शिंगं पाहिजेत."

बाईंनी सुनेची माफी मागितली का? छे! मोठा ताठा. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त कोठ्याची कडी उघडी ठेवून त्या बाहेर गेल्या. सुचिता आत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिचा पदर खाल्ला. माझ्या बहिणी पुढं गफ्फारभाईंबरोबर गेल्या. माझ्या वेळी मात्र सुचिता दावं धरून उभी राहिली, आणि बाई म्हणाल्या, "राहू द्या ते."

गफ्फारभाईंचा शिंगाळ बोकड आला त्या दिवशी गोजरबाई टोपलं ढालीसारखं पुढं धरून दाराआड उभ्या होत्या. कबरीला त्याच्यापासून फुली झाली. फुलीला कोवळी शिंगं फुटली, तशी बाईंची झोप उडाली. पण फुली वेळेवर माजावर आली, पहिल्याच खेपेला गाभण राहिली, आणि एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गल्लीतल्या बायका जमल्या. पिल्लाचं डोकं दिसायला लागलं तशा वच्छलाबाई म्हणाल्या, "सुचिता, तू जराशी बाजूले हो वो. पहिलटकरीन हाय बकरी."

सुचिता मागं सरकलीसुद्धा.

"ते काऊन बाजूले होईन?" गोजरबाई एवढ्या मोठ्यानं बोलल्या की मी दचकले. "बोकड म्या आनला होता वच्छला. निवड माही चुकली, अन् बोल हिले लागला." मग सगळ्यांच्या देखत त्या सुनेकडे वळल्या. "चुकली मी, माय. ये. पिल्लू तूच घे."

सुचितानं ओलं पिल्लू त्याच चांगल्या साडीच्या पदरात घेतलं. पाठोपाठ दुसरंही आलं.

तिचा स्वतःचा पाळणा अजून हललेला नाही. ती आणि शेखर खामगावच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, दोघंही बरं का! काय निघालं ते मी विचारत नाही. तुम्हीही कुणाला विचारू नका मित्रांनो. आणि कुणाला मूल नाही म्हणून तिच्या हातावर बोल ठेवू नका. माझं जे आईच्या पोटातच ठरलं, त्यात सुचिताचा काय दोष?

मी म्हणाल तर मजेत आहे. फुलीची दोन्ही पोरं दिवसभर माझ्या पाठीवर चढून उड्या मारतात, दमली की मलाच टेकून झोपतात. त्यांची कोवळी शिंगं मला टोचतात. टोचू देत.