उजवी खुर्ची

परदेशी विमान कंपनीने नोकरी देऊ केलेल्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे कॅप्टनला जेवतानाही आठवलं. इथली कंपनी डबघाईला आली होती. पण तिथे ज्येष्ठता शून्यापासून मोजणार होते. म्हणजे पुन्हा सहवैमानिक होऊन उजव्या खुर्चीत बसायचं, आणि डावीकडे कुणी पोरसवदा कॅप्टन हुकूम सोडणार.

"आणि त्याचं चुकलं तर?" त्याने बायकोला विचारलं.

"तर सांगायचं, साहेब, चुकतंय! अहो, घरात इतकी वर्षं सहवैमानिकच आहात की. माझी चूक दाखवायला कधी मागेपुढे पाहिलंत?"

"घरी पाठीमागे तीनशे माणसं नसतात गं."

"म्हणूनच तिथे जास्त मोठ्याने सांगा."

त्याला हसू आलं. तसाच तो उठला, पत्रासोबत आलेल्या करारावर सही केली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकून आला.