ब्रोमीन टोकाला बसलं त्याची गोष्ट

साहेब ओरडला तेव्हा प्रयोगशाळेतले सगळे तराजू शून्यावरून हलले आणि शेजारच्या इमारतीतला बहिरा रखवालदार "आलो, आलो" म्हणत दार उघडून उभा राहिला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. ऐकू जाणार नाही त्याला, पण विचारा.

ओरडा माझ्या पुतणीला होता. ती तिथली रसायनतज्ज्ञ, मी बाटल्या धुणारा. काम रोजचंच: ऑक्टीन नावाच्या द्रवात हायड्रोजन ब्रोमाइड सोडायचा. ऑक्टीनच्या टोकाशी दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. तो उघडला की हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर जातो, कारण तिथे त्याची भावंडं, म्हणजे आधीचे हायड्रोजन, जास्त. ओळखीचे चेहरे दिसले की तिकडेच खुर्ची ओढणाऱ्या पाहुण्यासारखा. ब्रोमीन बिचारं शेजारच्या कार्बनवर. एकवीस वर्षं हेच. यंदा अख्खा घाणा उलटा निघाला. ब्रोमीन टोकाला ठाण मांडून!

"हा नियम शाळेतल्या पोरांना येतो, मॅडम," साहेब म्हणाला. नोंदवहीत 'दोष कोणाचा' या रकान्यात त्याने तिचं नाव लिहूनही टाकलं होतं. "सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

माझं डोकं असं तापलं की हातातली ओली बाटली फडक्याशिवाय वाळली.

कारण साहेबाची खोड आम्हाला ठाऊक होती. उघडलेल्या बाटल्यांत उरलेलं ऑक्टीन तो खिडकीतल्या एका मोठ्या पारदर्शक बाटलीत ओतायला लावायचा. मी तिला धर्मशाळा म्हणायचो. महिनोन्‌महिने ऊन आणि हवा खाऊन त्यात पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते चिमूटभर असलं तरी ब्रोमीन आधी धावतं, टोकाची जागा पटकावतं. पुतणीने दोनदा बजावलं होतं. "आधी उरलेलं संपवा," हे साहेबाचं उत्तर. हा घाणाही धर्मशाळेतलाच.

"काका, पट्ट्या द्या," ती हळूच म्हणाली. आमच्या घरात आवाज चढला तर थांबावं. उतरला तर पळावं.

तिने पेरॉक्साइड तपासायची पट्टी धर्मशाळेत बुडवली, वाळू दिली आणि पाण्याने ओली केली. निळीशार.

"पट्टी जुनी असेल," साहेब.

त्याच डबीतली दुसरी पट्टी ऑक्टीनच्या नव्या बाटलीत. पांढरी ती पांढरीच.

"सकाळी या नव्या बाटलीतून तीच कृती केली. ब्रोमीन जागच्या जागी. हा तपासणी यंत्राचा कागद."

साहेब तेलकट हसला. "बरं, झालं गेलं. विसरून जाऊ."

"तुम्ही विसराल हो! नाव माझं आहे." तिने नोंदवही त्याच्यापुढे आपटली. "कारण लिहा."

त्याने मुंगीलाही चष्मा लागेल एवढ्या अक्षरांत लिहिलं.

"मोठं लिहा."

लिहिलं.

"आणि तिच्या नावावर काट मारा," मी म्हणालो.

"तू बाटल्या धू!"

"काकांना अहो म्हणायचं," पुतणी म्हणाली. "मारा काट."

रागाने त्याने अशी काट मारली की कागद फाटला. तिने शांतपणे पान उलटलं.

"फाटक्या पानावर सही करत नाही मी. सगळं पुन्हा लिहा."