नदीतली लाल काच

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, बांगडीची नव्हे, ज्वालामुखीने ओतलेली. शास्त्रात मला ऑब्सिडियन म्हणतात. उत्तर जपानच्या एका डोंगरातून उकळता लाव्हा बाहेर आला आणि इतक्या झपाट्याने थंड झाला, की स्फटिक व्हायला मला सवडच मिळाली नाही. माझी बाकीची भावंडं नुसती काळी. माझ्यात मात्र लोखंडाचा गंज मिसळला आणि काळ्या अंगावर लाल लाटा उमटल्या.

डोंगर झिजला तशी मी घरंगळत नदीच्या पात्रात आले. मासे पकडायला येणारी माणसं मला तुडवून जात. मळ चढलेल्या दगडाकडे कोण बघणार?

गेल्या वसंतात, एका रविवारी, सेंदाईहून एक गाडी आली. तिच्यातून सिंधूताई उतरल्या. पुण्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर भूशास्त्र शिकवलं, पण माझ्या जातीची काच स्वतःच्या हाताने कधी उचलली नव्हती. पुण्याभोवती काळा बेसाल्ट हवा तेवढा, आम्ही नाही. लेक चैत्राली सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करते, तिच्याकडे त्या राहायला आल्या होत्या. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. सोबत होती चैत्रालीची नऊ वर्षांची मुलगी, नेत्रा.

"आई, मी इथल्या ऑफिसात विचारलंय," चैत्राली म्हणाली. "पात्र सरकारी आहे. सुटे दगड हाताने उचलले तर चालतात, खणायचं मात्र नाही. तुम्ही दोघी शोधा, मी कोन्बिनीच्या दुकानातून खायला घेऊन येते."

आजी मराठीत विचारायची, नात जपानीत उत्तर द्यायची आणि मधे चैत्राली दुभाषी. ती गेल्यावर दोघी मुकाट्याने दगड बघू लागल्या. आजीने एक ओला दगड उन्हात धरला, मान हलवली, टाकला. नेत्रानेही तसंच केलं, अगदी मान हलवण्यासकट.

मी घोट्याएवढ्या पाण्यात, दोन धोंड्यांच्या बेचक्यात होते. ऊन नेमकं माझ्यावर पडलं आणि सिंधूताई थबकल्या.

"नेत्रा, इकडे ये. लवकर ये."

गुडघ्यांची तक्रार विसरून त्या पाण्यातच बसल्या आणि मला ओढू लागल्या. मी घट्ट अडकलेली. एवढ्या काळात मला कुठे जावंसं वाटलं नव्हतं. त्या क्षणी मात्र या हातांबरोबर जायची घाई झाली.

तेवढ्यात भोंगा वाजला. मागोमाग कर्ण्यातून जपानी सूचना.

"कसला गं आवाज?" आजीने मान वर न करताच विचारलं.

नेत्राचा चेहरा उतरला. ती भराभर जपानीत बोलली. आजीला कळेना. मग पोर मराठीतला एकेक शब्द शोधून म्हणाली, "आजी, धरण. पाणी सोडणार. वर चल."

"एक मिनिट थांब, निघतेच आहे ही."

"मिनिट नाही. आत्ता. सोड तिला. मी सांगते ना."

सिंधूताईंनी नातीकडे पाहिलं आणि मला सोडलं. नेत्राने त्यांचा हात धरून त्यांना बांधावर चढवलं. दोघी वर पोचून दम घेतात न घेतात, तोच गढूळ पाण्याचा लोंढा आला. धोंडे हलले, मी सुटले आणि कोलांट्या खात निघाले. एका खडकावर आपटून माझा टवका उडाला.

पुढे काय झालं ते मला नंतर सिंधूताईंच्याच तोंडून कळलं. चैत्राली धावत आली आणि तिने दोघींना कवेत घेतलं. सिंधूताई तेवढ्यातही विचारत होत्या, "उद्या रजा मिळेल का गं तुला?" आणि नेत्राने शाळा बुडवायची तयारी आधीच जाहीर करून टाकली होती.

सोमवारी पाणी उतरलं होतं. चैत्रालीने धरणावर फोन करून खात्री करून घेतली, मगच तिघी खाली आल्या. कालची जागा ओळखू येईना. मी बरीच पुढे, वाळूत कोरडी पडले होते. शेजारून नेत्राची पावलं दोनदा गेली. तिसऱ्यांदा तिने मला उचललं, पाण्यात बुचकळलं आणि उन्हात धरलं.

"आजी, सापडली. लाल आहे. आजी, हीच आहे."

सिंधूताई धडपडत आल्या. टवका उडालेल्या जागी माझी कड पातळ झाली होती. तिच्यातून ऊन आरपार आलं आणि त्यांच्या तळहातावर तांबूस उजेड पडला. त्या शिकवायला विसरल्या. नुसत्या हसत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुला सापडली, तूच ठेव."

"नको. तू ने. माझ्याकडे नदी आहे."

चैत्रालीने सवयीने भाषांतराला तोंड उघडलं आणि मिटलं.

जाड टॉवेलात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी बसून मी पुण्याला आले. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. कुरिअरवाला असो की शेजारच्या सुप्रभाबाई, सिंधूताई प्रत्येकाच्या हातात मला देतात आणि सांगतात, "उन्हात धरा. माझ्या नातीला सापडली. तिने मला काय सुनावलं, ऐका."

तुम्हीही या कधी. सकाळी दहाच्या आत या, नंतर खिडकीतलं ऊन जातं. फक्त कडेवर बोट फिरवू नका. मी अजून कापते.