मनिलाची पेढी

माझा भाऊ सरहाद मनिलाहून इस्फहानला परतला तेव्हा जर्दाळू वाळत घातले होते. जुल्फा या आर्मेनियन पेठेतलं आमचं दार त्याच्याच मुलानं उघडलं. वोस्काननं विचारलं, "कोण पाहिजे?" बाप निघाला तेव्हा तो पाळण्यात होता, आता त्याला मिसरूड फुटलं होतं.

सरहाद फार बोलायचा नाही. दिवसा झोपायचा. जेवताना भाकरी मागायची तर मनिलातल्या सवयीनं स्पॅनिशमध्ये मागायचा, मग ओशाळून स्वतःच हात पुढे करून घ्यायचा.

महिनाभरानं पेत्रोस आगा आले. कापडाचा माल त्यांचा, तो घेऊन हिंडणारी माणसं आम्ही.

"मनिलाची पेढी ओस पडलीय," ते म्हणाले. "समुद्रापलीकडे परक्यावर भरवसा ठेवता येत नाही. तू जा, नाहीतर पोराला पाठव. तो तयारच आहे."

वोस्कानचे डोळे चमकत होते.

आगा गेल्यावर सरहाद ओसरीवर येऊन बसला. ताकुहीवहिनी जर्दाळू निवडत होती.

"मी थकलोय गं," तो म्हणाला.

"दिसतंय मला. मी काय कमी थकलेय?" तिनं मान वर केली नाही. "पण पोराला मी वाढवलंय. तुमची तर मला सवयही उरली नाही. तुम्हीच जा."

मला राहवलं नाही. "वहिनी, बोलवतं तरी कसं तुला?"

"राहू दे, शुशान," भाऊ म्हणाला. "खरं तेच बोलतेय ती."

भांडण झालंच नाही. तेच मला जास्त लागलं.

थंडी सुरू व्हायच्या आत तो बंदर अब्बासच्या काफिल्याबरोबर निघाला. वहिनीनं त्याच्या अंगरख्याचं फाटलेलं अस्तर शिवून दिलं, नदीच्या पुलापर्यंत पोचवायलाही आली. वोस्कान आला नाही. आपली वाट बापानं अडवली, याचा राग त्याच्या मनात होता.

सरहाद मद्रासच्या पुढे गेलाच नाही. तिथल्या आपल्या माणसांनी त्याला तापात सांभाळलं, चर्चच्या आवारात पुरलं. हे सगळं सुरतेहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं. त्याला आणखी दोन घरी निरोप द्यायचे होते.

पुढच्या हिवाळ्यात वोस्कान स्वतःच आगांकडे गेला. या खेपेला वहिनीनं त्याला अडवलं नाही. तो निघाला त्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही. दुपारी मीच चूल पेटवली, सूप केलं आणि तिला बसतं केलं.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि सगळं प्यायली.

आता आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो. बाकीचं घर भाड्यानं दिलंय.