कांदेनवमीला रिकामा राहिलेला टोप

मित्रांनो, मी बिडाचा एक जुना टोप आहे. राजूरमधल्या एका घराच्या मागच्या पडवीत मी पालथा पडलो आहे. काठाला गंज चढला आहे आणि माझ्यावर कुणीतरी सरपण रचले आहे.

तुमच्या घरातल्या पितळी पातेल्यासारखे मला ठोकून घडवलेले नाही. फ्रान्स देशातल्या एका भट्टीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतले आणि मी जन्मलो. माझे झाकण जड आहे. वाफ बाहेर जात नाही, थेंब होऊन पुन्हा अन्नावरच पडते. मंद विस्तवावर सावकाश शिजवणे, एवढेच मला येते.

मार्गरीतने मला इकडे आणले. तिकडे शिकायला गेलेल्या शामकांतरावांशी तिचे लग्न झाले आणि राजूरच्या शाळेत शिकवण्यासाठी ते दोघे परत आले. मोटारीच्या टपावरून माझी पेटी उतरवताना पुंजाराम हमाल म्हणाला होता, "बाईनं माहेरचा डोंगर आनलाय जनू."

शामकांतरावांच्या आईंना मार्गरीत हे नाव काही म्हणता येईना. त्यांनी ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने 'सुनीती' असे लिहिले, आणि मार्गरीतची सुनीती झाली. पण नाव दिले तरी आई तिच्या हातचे खात नसत. सोवळ्याची चूल आत होती, सुनीतीची पडवीत. "अंडं-मांस शिजवलेल्या भांड्यातलं मला नको गं," असे त्यांनी सरळ सांगितले. त्या दिवसापासून सुनीतीने अंडे-मांस घरात आणले नाही. माझ्यात तर ते कधी शिजलेच नव्हते.

मग तिने पडवीत आपल्या माहेरचे स्वयंपाकघर जमवायला घेतले. द्राक्षांचा आंबट शिरका, म्हणजे व्हिनेगर, मिळेना, म्हणून जांभळांचा रस बरणीत मुरत ठेवला. मोहरी पाट्यावर वाटली. माहेरून आलेले सुवासिक पाल्याचे बी कुंडीत पेरले. कामाला येणाऱ्या चांगुणाने तिला पाव भाजायला मातीची भट्टी लिंपून दिली. दुधाचे चीज करून ते फडक्यात बांधून फळीवर पिकत ठेवले. तिच्या आजीने तिला शिकवले होते, की स्वयंपाकघर हळूहळू भरते, त्याला घाई करू नये.

एकदा तिने माझ्यात लोणी घालून कांदे परतायला घेतले. दुपार कलली तरी ती ते परततच होती. चांगुणा म्हणाली, "वैनी, आमच्याकडं एवढ्यात पाव्हनं जेवून घरी जात्यात." पण तो वास आतपर्यंत गेला. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. कांद्याचे हे सार, वर भाजलेला पाव आणि पिकलेले चीज, असे सगळे सुनीतीने त्यांना समजावून सांगितले. आईंनी वाकून माझ्यात डोकावून पाहिले.

"कांदेनवमीला वाढ मला," त्या म्हणाल्या. "एकादशीला चातुर्मास लागला, की माझा कांदा-लसूण बंद. तो थेट कार्तिकात सुटेल."

त्या रात्री सुनीतीने मला तेल लावून पुसले.

एकाहत्तर सालची कांदेनवमी आली. आईंनी आपला पाट स्वतः पडवीत आणून मांडला आणि त्या बसल्या. मी चुलीशेजारी रिकामाच होतो. फळीवरचे चीज अजून कच्चे होते. शामकांतराव सकाळपासून सांगत होते, की चीज नसले तर नसू दे, तू वाढ. पण सुनीतीला ते पटेना. पहिल्यांदा वाढायचे, ते अर्धवट कसे वाढायचे?

ती आईंपाशी खाली बसली. "आई, अजून झालं नाही. कार्तिकात करू?"

आई हसल्या. "बरं बाई. कार्तिक काय पळून जातोय?" पाट उचलून त्या आत गेल्या आणि त्यांनी सर्वांसाठी कांद्याची भजी तळली. सुनीतीनेही ती आवडीने खाल्ली.

श्रावणात चीज पिकू लागले. भाद्रपदात आईंना ताप आला आणि तो हटेना. आश्विन लागला तेव्हा त्यांच्या पोटात चमच्याने भरवलेले पाणी तेवढे जात होते. सुनीतीने कांदे चिरून ठेवले आणि ती त्यांच्या उशाशी गेली. पडवीत मला सगळे ऐकू येत होते.

"दोनच घोट घ्या, आई. देव रागावणार नाही."

"देव नाही गं रागावायचा," आई थांबत थांबत म्हणाल्या. "पण इतकी वर्षं पाळलेला नेम आता नाही मोडवत. थोडे दिवस राहिलेत. थांबू दोघी."

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. चिरलेले कांदे, आईंनी नको म्हटले त्या दिवशीच, गाईला घातले होते. चीज सुनीतीने कुणाला दिले नाही आणि स्वतःही चाखले नाही.

पुढच्या वर्षी श्राद्ध आले. गेलेल्या माणसाच्या आवडीचे त्या दिवशी करतात, असे तिने ऐकले होते. तिने मला फळीवरून खाली काढले, घासले, आणि आईंसाठी ते सार करू का, असे श्राद्ध सांगणाऱ्या नृसिंहगुरुजींना विचारले. गुरुजी भला माणूस. त्यांनी मान खाली घातली.

"वहिनी, श्राद्धाला कांदा चालत नाही हो."

तिने मान हलवली. मला उचलून ती पडवीत आली, मला पालथे घातले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. त्यानंतर तिने मला चुलीवर चढवले नाही. बरणीतला शिरका तसाच आहे. कुंडीतला पाला वाळून गेला.

मित्रांनो, घरातल्या भांड्यांना जपा. आम्हाला कोरडे ठेवा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागतो. मी सावकाशीसाठीच घडलो आहे, म्हणून मी हे सांगायला हवे. अन्न सावकाश शिजू द्या, माणसाला मात्र थांबवू नका. मीठ कमी असेल, भाकरी एका बाजूने करपली असेल, तरी वाढा. कुणी आपला पाट आणून तुमच्यासमोर बसले, तर त्या दिवशी घरात जे असेल, ते त्याच्या ताटात पडू द्या.