दगडी रस्ता आणि बॅगांची चाकं

आमची गल्ली पर्यटन विकास क्षेत्रात गेली आणि पहिला उखडला गेला तो आमचा चांगला गुळगुळीत रस्ता. पाहुण्यांना जुनंपुराणं बघायला आवडतं म्हणे, म्हणून नवेकोरे दगड आणून जुने दिसतील असे बसवले. मी मनसोक्त बोटं मोडली. पण आठवडाभरातच पर्यटकांच्या बॅगांची चाकं बरोबर आमच्या दाराशी निखळायला लागली.

आमचं चपला-बॅगा दुरुस्तीचं दुकान. तोवर आम्ही दोघं त्यात माशा मारत बसायचो. दुकान बंद करून ह्यांनी कुठंतरी नोकरी धरायची, असं जवळजवळ ठरलंही होतं. आता दाराबाहेर रांग! ह्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, आणि ज्या दगडांना शिव्या घातल्या त्यांचेच मी गोडवे गायला लागले.

सासूबाईंचं मात्र अडलं. गुडघे आधीच कुरकुरत होते. दगडांवर एकदा तोल गेला आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. कोपऱ्यावरच्या बेकरीत रोज गप्पा छाटणारी बाई दिवसभर खिडकीत बसायला लागली. तो विषय निघाला की मी चहा टाकायला उठायचे.

शेवटी दगड ठेवायचे की काढायचे, यावर शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा भरली.

"दगड हवेतच!" खोल्या भाड्यानं देणारा जाड्या म्हणाला. "लोक त्यांचेच फोटो काढायला येतात."

"फोटो काढतात आणि जातात. पाव कोण घेतो?" बेकरीवालीनं त्याला तिथंच झापलं. "माझी रोजची गिऱ्हाईकं घरात अडकलीत!"

हात वर करून निकाल लावायचं ठरलं. मी ह्यांच्या कानाशी लागले. "हात खाली ठेवा हं. आपल्याच पोटावर पाय नको."

"हो गं," हे म्हणाले. आणि दगड काढा म्हणणाऱ्यांचे हात मोजायला लागले, तर ह्यांचा हात वर! माझं डोकंच फिरलं.

"अहो, वेड लागलंय का?"

"काल आईनं विचारलं, बेकरीत हल्ली कोण कोण येतं," हे हळूच म्हणाले. "मला काय ठाऊक? मी चाकं बसवत होतो."

मला ह्यांचा भयंकर राग आला, आणि खिडकीत बसलेल्या सासूबाईही डोळ्यांपुढून हलेनात. मी तिरीमिरीत दोन्ही हात वर केले.

"वहिनी, एकच!" मोजणारा ओरडला.

दगड निघाले, रांगही ओसरली. ती ओसरणारच होती. पण पर्यटक कुठं गेलेत? पट्टे तुटतात, चेन अडकते, ओढूनताणून का होईना, भागतं. नोकरीचं मात्र पुन्हा कुणी काढलेलं नाही.

परवा सासूबाई एकट्या बाहेर पडल्या त्या परतायचं नावच घेईनात. शेवटी दुकान ह्यांच्यावर टाकून मी शोधायला निघाले. बेकरीच्या बाकावर बसून त्यांचं हातवारे करून चाललं होतं.

"आई, किती वेळ हा!"

"तू हो पुढं," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "कितीतरी महिन्यांचं बोलायचं राहिलंय."